शोधनिबंधावरचा लाल शिक्का

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या संकेतस्थळावर १९९८ सालचा एक पाच पानी शोधनिबंध आजही वाचता येतो. फक्त पानांवर आडव्यातिडव्या लाल अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का आहे. निबंध मागे घेतला म्हणजे तो काढून टाकला असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. त्याच्या आधारावर इतरांनी बरंच काही लिहिलेलं असतं. मूळच गायब केलं, तर चूक कुठे होती हे ताडून बघणार कसं? म्हणून मजकूर जागेवर ठेवायचा, वर शिक्का मारायचा आणि कारण सांगणारी सूचना वेगळी छापायची, अशी रीत आहे.

रिट्रॅक्शन हा प्रकार मात्र फार जुना. १७५६ साली बेंजामिन विल्सन यांनी लेडन जारच्या, म्हणजे वीज साठवायच्या काचेच्या बरणीच्या प्रयोगाविषयीचं आपलं आधीचं मत मागे घेतलं आणि ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. शीर्षकातच तो शब्द होता. विल्सन व्यक्तिचित्रं रंगवणारे चित्रकार. विजेचा नाद वेगळा. ‘माझं चुकलं’ हे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं.

छापील काळात पंचाईत अशी, की सूचना पुढच्या कुठल्यातरी अंकात यायची. ग्रंथालयात मूळ निबंध एका बांधीव खंडात आणि सूचना चार खंड पलीकडे. पहिला खंड काढून बसलेल्या विद्यार्थ्याला कळायला काही मार्गच नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने वैद्यकीय निबंधांच्या आपल्या ‘मेडलाइन’ सूचीत अशा निबंधांवर खूण करायला सुरुवात केली. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय संपादकांनी ‘कोप’ ही प्रकाशनातली नैतिकता पाहणारी समिती काढली आणि २००९ मध्ये तिने मार्गदर्शक सूचना दिल्या. किरकोळ चुकीला शुद्धिपत्र. संशय आहे पण निकाल लागलेला नाही, तर तशी जाहीर नोंद. निष्कर्षांवरच भरवसा उरला नाही तर निबंध मागे. मग कारण लबाडी असो की प्रामाणिक चूक. खरी गोची पुढे आहे. संपादकाला कोणाच्या प्रयोगशाळेत शिरून वह्या तपासता येत नाहीत. चौकशी करायची ती लेखकाच्या संस्थेने, आणि अब्रू तिचीच पणाला लागलेली!

‘लॅन्सेट’चा तो निबंध अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा. १२ मुलांची निरीक्षणं, आणि त्यांतून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर स्वमग्नतेचा संशय. २००४ मध्ये पत्रकार ब्रायन डीअर यांनी त्यामागचे हितसंबंध उघड केले. सहलेखकांपैकी १० जणांनी तो अर्थ मागे घेतला. निबंध तसाच राहिला. जानेवारी २०१० च्या अखेरीस ब्रिटनच्या वैद्यक परिषदेचा वेकफील्ड यांच्याबाबतचा निर्णय आला, तेव्हा कुठे २ फेब्रुवारीला लॅन्सेटने चार ओळींची सूचना काढली: मुलं ओळीने, जशी आली तशी घेतली होती हे खोटं, नैतिकता समितीची मंजुरी होती हेही खोटं. यात गेली १२ वर्षं. दरम्यान ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण घसरलं होतं.

त्याच लॅन्सेटने २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाच्या कोविडमधल्या वापरावरचा निबंध छापल्यापासून १३ दिवसांत मागे घेतला. ९६ हजार रुग्ण, ६७१ रुग्णालयं, असा सर्जिस्फिअर कंपनीच्या माहितीचा डोलारा. स्वतंत्र तपासणीसाठी मूळ माहिती मागितली, तर ती मिळेना. म्हणजे मनात आणलं तर घाई करता येते. कोविडमुळे साऱ्या जगाचं लक्ष तिथे लागलेलं होतं, हेही खरं.

विल्सन यांची जात अजून संपलेली नाही. नोबेल विजेत्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातला आपला निबंध मागे घेतल्याचं ट्विटरवर स्वतःच सांगितलं. प्रयोग पुन्हा जमत नव्हता, आणि पहिल्या लेखकाच्या प्रयोगवहीत महत्त्वाच्या नोंदीच नव्हत्या. आपण तेव्हा कामात होतो आणि आपलं काम नीट केलं नाही, अशी कबुलीही दिली.

पण आता ढीग आहे तो वेगळ्याच मालाचा. २०२३ मध्ये जगभरात १० हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. त्यांतले ८ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे, बहुतेक विशेषांकांमधले. पैसे घेऊन निबंध पाडून देणाऱ्या ‘पेपर मिल’ आणि छापण्याआधी तज्ज्ञांनी करायचं पण संगनमताने झालेलं परीक्षण, ही त्यामागची कारणं. इथे एकेका निबंधाचा न्याय करत बसायला वेळ कोणाला?

भारतातही मागे घेतलेल्या निबंधांची संख्या डोळ्यांवर आल्यावर २०२५ च्या ‘एनआयआरएफ’ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत त्यांच्यासाठी गुण कापायला सुरुवात झाली. कारखान्याचा माल आणि प्रामाणिक चूक यांची वजाबाकी वेगवेगळी झाली नाही, तर स्वतःहून चूक कळवायला निघालेल्या प्राध्यापकाला आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन यावं लागेल.