अमेरिकेची राज्यघटना इरोक्वॉयांची नक्कल?

‘अमेरिकेची राज्यघटना इरोक्वॉय लोकांच्या कायद्यावरून उतरवली’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. इरोक्वॉय म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सहा मूलनिवासी राष्ट्रांचा महासंघ. पुरावा म्हणून अमेरिकी काँग्रेसचा १९८८चा ठराव पुढे केला जातो. ठराव खरा आहे, त्यात इरोक्वॉय महासंघाच्या योगदानाची दखलही आहे. पण ठराव म्हणजे मानवंदना. त्यानं इतिहास सिद्ध होत नाही.

आदल्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात या विषयावर परिषद भरली होती. अभ्यासकांत तेव्हा सरळ दोन तट होते. डोनाल्ड ग्राइंड आणि ब्रूस जोहान्सन प्रभाव मानणारे. एलिझाबेथ टूकर यांच्या मते पुरावा फारच तोकडा.

धागा मुळीच नाही, असंही नाही. १७४४ मध्ये इरोक्वॉय आणि ब्रिटिश वसाहतींमधल्या लँकेस्टरच्या तहाच्या वेळी ओनोंडागा (सहांपैकी एक राष्ट्र) नेता कानासातेगोनं वसाहतींना एकजुटीचा सल्ला दिला, आणि त्या तहाचा वृत्तान्त बेंजामिन फ्रँकलिननं (पुढे घटना लिहिणाऱ्यांतला एक) छापला. १७५१च्या पत्रात त्यानं लिहिलं की इरोक्वॉयांच्या सहा राष्ट्रांना एकजूट जमते, मग दहा-बारा वसाहतींना ती का जमू नये? (त्याच वाक्यात तो त्यांना ‘अडाणी रानटी’ म्हणतो, हे मात्र कुणी सांगत नाही.) म्हणजे एकीचं उदाहरण घेतलं, आराखडा नव्हे.

आराखडे तर फारच वेगळे. इरोक्वॉय महासभेत परंपरेनं पन्नास प्रमुख. पदं आईच्या वंशातून चालतात, कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया प्रमुख निवडतात आणि चुकला तर काढूनही टाकतात. निर्णय बहुमतानं नाही, एकमतानं. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये घटना लिहायला बसलेले सगळे पुरुषच होते.