दाराला चाबी न लागणे (मोटार)

मोटारीच्या दाराच्या भोकात चाबी घातली तर फिरत नाही, किंवा फिरते पण दार उघडत नाही, या बिघाडाला विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ‘चाबी लागत नाही’ असे म्हणतात. पुण्याकडे जिला किल्ली म्हणतात तिला वऱ्हाडात चाबीच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. बिघाडाचे नाव एक असले तरी जागा वेगवेगळ्या असतात, आणि नेमकी जागा कोणती हे दार खोलायच्या आधी, चाबी हातात असतानाच कळते. ते न पाहता अख्खा लॉकसेट, म्हणजे गाडीच्या कुलपांचा आणि चाब्यांचा संच, बदलून घेणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. पुष्कळदा कुलूप धडधाकट असते. आत धूळ बसलेली असते, नाहीतर प्लास्टिकची नखाएवढी क्लिप तुटलेली असते.

रचना

बाहेरून दिसते ते चाबीचे भोक म्हणजे बॅरलचे, चाबीसोबत फिरणाऱ्या कुलपाच्या नळकांड्याचे, तोंड. बॅरलच्या पोटात पितळेच्या पातळ पत्त्या ओळीने बसवलेल्या असतात, बहुतेक गाड्यांत आठ-दहा. प्रत्येक पत्तीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चाबी बाहेर असताना स्प्रिंगा पत्त्यांना ढकलून बॅरलच्या घराच्या खाचेत अडकवतात. योग्य चाबी आत गेली की तिच्या खाचांनुसार सगळ्या पत्त्या एकदम आत ओढल्या जातात आणि बॅरल मोकळे फिरते. एक पत्ती जरी वर राहिली तरी ते फिरत नाही. अशा पत्तीच्या कुलपाचे पेटंट अमेरिकेत फायलो फेल्टर यांनी १८६८ मध्ये घेतले. घराच्या दाराला असते त्या येल यांच्या पिनांच्या कुलपापेक्षा ही रचना चपटी आणि स्वस्त पडते, म्हणून मोटारीत हीच रुजली.

बॅरलच्या मागच्या टोकाला एक छोटा दांडा असतो. त्याला लोखंडी सळई जोडलेली असते आणि ती दाराच्या कडेला असलेल्या लॅचपर्यंत जाते. दार लावताना ‘खट्’ आवाज येतो तो लॅचने खांबावरचा कडा पकडल्याचा. सळई आणि दांडा यांना धरून ठेवते ती वर सांगितलेली प्लास्टिकची क्लिप. सेंट्रल लॉकिंग, म्हणजे एका दाराबरोबर सगळी दारे लागण्या-उघडण्याची सोय, असेल तर याच सळईला १२ व्होल्टची छोटी मोटर जोडलेली असते.

चाबी फिरते का?

रस्त्यावरच्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असतो: “भाऊ, चाबी फिरते का नाही, थे सांगा पयले.” या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. चाबी आत जाते पण फिरत नाही, तर दोष बॅरलमध्ये किंवा चाबीत. चाबी गरगर फिरते, हाताला काहीच जोर लागत नाही, तर बॅरल ठीक आहे. मागची सळई सुटली आहे. चाबी नेहमीसारखी फिरून स्प्रिंगने परत येते, तरी दार उघडत नाही, तर लॅचकडे पाहावे. चालकाचे दार चाबीने उघडते पण बाकीची तीन उघडत नाहीत, तर तो विजेचा दोष आहे, चाबीचा नव्हे. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या तारा दार उघडून-लावून तुटतात, आणि गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या सापडतात.

दुसरी चाबी घरात असतेच. ती आधी लावून पाहावी. रोजच्या वापरातली चाबी दहा-बारा वर्षांत इतकी झिजते की तिच्या खाचांची उंची पत्त्यांना पुरत नाही. अशा झिजलेल्या चाबीवरून नवी काढली तर झीजही तिच्यात उतरते. पेटीत ठेवलेल्या न वापरलेल्या चाबीवरून, किंवा गाडीसोबत मिळालेल्या पट्टीवरच्या चाबी क्रमांकावरून काढलेली नक्कल खरी.

काळी माती, कापूस आणि जवसाचे तेल

विदर्भात बॅरल अडकण्याची कारणे इथल्या मातीतली आहेत. यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात वाळली की दगडासारखी घट्ट होते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून उडालेला चिखल भोकात शिरतो, आणि नोव्हेंबरपर्यंत पत्त्या जागच्या जागी चिणल्या जातात. वेचणीच्या दिवसांत कापसाची गाठोडी टपावर आणि मागच्या सीटवर कोंबून नेणाऱ्या गाड्यांच्या भोकात तंतूंचा बारीक पुंजका हमखास निघतो. वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी असते. आणखी एक कारण शहरी मेकॅनिकला पटकन सुचत नाही: कुंभारीण माशी. आंब्याखाली महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या भोकात ती ओल्या मातीचे घर बांधते. चाबी अर्ध्यावर अडली तर रेटू नये. आधी बॅटरीच्या उजेडात आत पाहावे.

या सगळ्याहून जास्त नुकसान तेलाने होते. कुलूप कुरकुरले की घरातले तेल सोडायचे, ही सवय जुनी आहे. पण जवसाचे तेल हवेत वाळून कडक होते. त्या गुणामुळेच ते रंगात वापरतात. सरकीचे तेलही कालांतराने चिकट होते. त्यावर धूळ बसली की पत्त्यांवर पिवळट-काळा राळेसारखा थर चढतो. एका जुन्या जीपचे बॅरल खोलून वर्तमानपत्रावर उपडे केलेले पाहिले होते. पत्त्या सुट्या पडल्याच नाहीत, काजूकतलीसारखा एकसंध गठ्ठा निघाला. पेट्रोलमध्ये तासभर भिजवून, जुन्या टूथब्रशने घासल्यावर पितळेचा पिवळा रंग दिसला. त्यात एकही पत्ती झिजलेली नव्हती. मालकाने नवीन लॉकसेटसाठी पैसे काढून ठेवले होते.

बरोबर उपाय साधा आहे. आधी भोकात गंज काढणारा स्प्रे भरपूर मारून मळ बाहेर वाहू द्यावा, चाबी पुसत पुसत पंधरा-वीस वेळा आतबाहेर करावी, काळे पाणी यायचे थांबेपर्यंत. एक दिवस वाळू द्यावे. मग ग्रॅफाइटची कोरडी भुकटी सोडावी. ती धूळ धरत नाही. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळाली नाही तर गडद, मऊ पेन्सिलीचे शिसे चाबीच्या दोन्ही बाजूंवर घासून चाबी आत फिरवावी. पेन्सिलीत मातीही मिसळलेली असते, म्हणून हा तात्पुरता इलाज आहे, पण तेलापेक्षा शंभर पटीने चांगला. चाबीला पान्याने किंवा पकडीने पीळ देऊ नये. अर्धी चाबी आत मोडली तर काम दुप्पट होते.

दार खोलणे

चाबी गरगर फिरत असेल तर दाराचा आतला पॅनल काढावाच लागतो. आतल्या हँडलमागचा आणि हात टेकायच्या जागेचा स्क्रू काढावा. काच खालीवर करायची मूठ असलेल्या गाडीत मुठीमागे इंग्रजी ‘सी’ आकाराची तार असते. मुठीमागे फडके घालून बूट पुसतात तसे दोन्हीकडे ओढले की ती उडून पडते, तेव्हा कुठे पडते त्याकडे डोळा ठेवावा. मग कडेच्या क्लिपा एकेक करून, खालून वर, उचकाव्यात. वैशाखाच्या उन्हात, जेव्हा इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे काम दुपारी करू नये, हात भाजतात. डिसेंबरच्या पहाटेही नको, कारण थंडीत प्लास्टिक कडक होऊन क्लिपांची डोकी तुटतात.

पॅनलमागे डांबरी गोंदाने चिकटवलेला पॉलिथीनचा कागद असतो. तो फाडू नये, एका कोपऱ्यातून सोलावा. आत बॅटरी मारून चाबी फिरवली की दोष समोर दिसतो: दांडा हलतो, सळई मात्र खाली लोंबकळत असते. वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेल्या क्लिपेचे तुकडे दाराच्या तळाशी पडलेले असतात. नवी क्लिप घेताना जुना तुकडा सोबत न्यावा, कारण सळईच्या जाडीप्रमाणे आणि डाव्या-उजव्या बाजूप्रमाणे ती वेगळी असते. क्लिप येईपर्यंत सायकलच्या ट्यूबची कडी आणि बाइंडिंग तार वापरून सळई बांधतात. काम चालते, पण तार सैल झाली तर सळई पुन्हा सुटेल, म्हणून तिच्यावर हंगाम काढू नये.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी न सांगितल्याने अनेकांचे दार कायमचे अडकले आहे. सळई जोडल्यावर दार लगेच लावून पाहायचे नाही. दार उघडेच ठेवून पेचकसाने लॅचचा आकडा बंद स्थितीत ढकलावा, चाबीने लॉक करावे, अनलॉक करावे, मग हँडल ओढून आकडा सुटतो का ते पाहावे. तीनदा सुटला तरच दार लावावे. न सुटणारा आकडा दार लागल्यावर सापडला, तर पॅनल काढायला जागाच उरत नाही.

चाबीवाला

तालुक्याच्या आठवडी बाजारात चाबीवाल्याचे दुकान हटकून असते. शिकलगार समाजातली अनेक कुटुंबे हा धंदा करतात, त्यांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा. चांगला कारागीर बॅरल खोलून पत्त्यांच्या उंचीवरून चाबी काढतो, आणि झिजलेली एखादी पत्ती दुसऱ्या दाराच्या बॅरलमधून घेऊन बसवतो. अंदाजाने कानस चालवून पत्त्याच घासून टाकणारेही आहेत. मग कुलूप कोणत्याही चाबीने उघडते. गाडीची कागदपत्रे न पाहता चाबी करून देणाऱ्याकडे जाऊ नये.

नव्या गाडीत साधी नक्कल दार उघडते पण इंजिन चालू करत नाही, कारण मूळ चाबीत चिप असते. शिवाय रिमोटच्या सवयीमुळे बॅरल वर्षानुवर्षे फिरतच नाही, आणि ज्या दिवशी बॅटरी उतरते त्याच दिवशी ते जाम झालेले कळते. रिमोट असला तरी महिन्यातून एकदा हातानेच चाबी फिरवावी.

कुलूप अडकलेल्या गाडीत मूल आत असेल तर चाबीवाल्याची वाट पाहू नये. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच कोपऱ्यात टणक टोकदार वस्तू मारून फोडावी. समोरची काच दुहेरी थराची असल्याने ती अशी फुटत नाही.

दुरुस्ती झाल्यावर पॉलिथीनचा कागद पूर्वीसारखा चिकटवावाच. तो काढून टाकलेल्या गाडीत मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात काचेच्या फटीतून उतरलेले पाणी पॅनलच्या पुठ्ठ्यात मुरते, पुठ्ठा फुगून क्लिपा सोडतो आणि लॅचवर गंज चढतो. लॉकसेट बदलावाच लागला तर जुन्या दोन्ही चाब्या जपून ठेवाव्यात, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा चाब्या मागतात आणि कुलूप का बदलले तेही विचारतात. म्हणून दुरुस्तीचे बिलही त्यांच्यासोबत बांधून ठेवावे.