स्वयंपूर्ण भाग व सलग कथासूत्र (विज्ञानकथा मालिकांतील)

विज्ञानकथेवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांच्या रचनेचे दोन प्रकार. पहिल्यात कथानक त्याच भागात पूर्ण होते आणि पुढील भागाच्या आरंभी पात्रे बहुधा पूर्वस्थितीत असतात. दुसऱ्यात एकच सूत्र अनेक भागांतून, प्रसंगी अनेक पर्वांतून, मागील घटनांचे परिणाम सोबत घेऊन पुढे सरकते. दर भागाला पात्रेही बदलणारी ‘द ट्वायलाइट झोन’ (१९५९–६४) ही संग्रहमालिका पहिल्या प्रकाराचे टोक मानता येईल.

अमेरिकेत स्वयंपूर्ण भागांना दीर्घकाळ प्राधान्य मिळाले, त्यामागे लेखकांच्या अभिरुचीपेक्षा विक्रीची व्यवस्था अधिक कारणीभूत दिसते. पहिल्या प्रक्षेपणानंतर मालिकेचे हक्क स्थानिक केंद्रांना विकले जात आणि ही केंद्रे भाग रोजच्या रोज, पुष्कळदा क्रमाची फिकीर न करता, दाखवीत. ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) ७९ भागांनंतर बंद पडली. तिचा मोठा चाहतावर्ग १९७० नंतरच्या पुनःप्रक्षेपणांतून तयार झाला, आणि कोणताही भाग मागचे काही ठाऊक नसताना पाहता येणे, हे त्याचे एक कारण होय.

सलग कथासूत्राचा उगम कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. एक मत ब्रिटनकडे बोट दाखवते. बीबीसीची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ (१९५३) ही सहा भागांची एकच कथा होती. मात्र ती ठरावीक भागांत संपणारी असल्याने तिला लांबवलेले नाटक म्हणणे अधिक योग्य. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’मध्ये सुमारे २५ मिनिटांचे काही भाग मिळून एक कथा होई, भागाच्या अखेरीस उत्कंठा ताणली जाई, पण कथा संपली की पुढची बरीचशी स्वतंत्र असे. येथे एकक भाग धरायचा की कथा, यावर मालिकेचे वर्गीकरण अवलंबून राहते. याच मालिकेतील १९७८–७९ च्या पर्वात सहा कथा एका शोधसूत्रात ओवल्या होत्या. ‘ब्लेक्स सेव्हन’मध्ये (१९७८–८१) प्रमुख पात्रांचे मृत्यू व निर्गमन कायम राहतात, हेही या मताच्या बाजूने सांगितले जाते. दुसरे मत ‘बॅबिलॉन ५’ला (१९९४–९८, मालिकेपूर्वीचा चाचणी-चित्रपट १९९३) अग्रमान देते. सूत्राचे नुसते अस्तित्व हा निकष लावल्यास ब्रिटिश मालिका जुन्या ठरतात. परंतु आरंभ, मध्य व शेवट आधी आखून पाच पर्वांचे एकच कथानक रचणे हा निकष घेतल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘बॅबिलॉन ५’च्या ११० भागांपैकी ९२ भाग मालिकेचे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. नट सोडून गेल्यास कथानक कोसळू नये म्हणून प्रमुख पात्रांसाठी पर्यायी वाटा त्यांनी आधीच योजल्या होत्या, आणि पहिल्या पर्वानंतर नायकच बदलला तेव्हा त्यांचा उपयोग झाला. पाचवे पर्व निघेल की नाही अशी शंका आल्याने चौथ्यातच बरेचसे कथानक उरकावे लागले. त्या पर्वासोबत चित्रित झालेला अंतिम भाग पुढे राखून ठेवण्यात येऊन १९९८ मध्ये दाखवला गेला. आखीव सूत्रही प्रक्षेपकाच्या निर्णयापुढे किती अगतिक असते, हे यावरून दिसते.

याच सुमारास मिश्र रचना रूढ झाली. ‘द एक्स-फाइल्स’मध्ये (१९९३) परग्रहवासीयांविषयीच्या कारस्थानाचे सूत्र मधूनमधून येई आणि उरलेले भाग स्वतंत्र असत. ‘डीप स्पेस नाइन’च्या (१९९३–९९) उत्तरार्धात युद्धाचे सूत्र प्रबळ झाले. क्रम बिघडल्याने होणाऱ्या हानीचे ठळक उदाहरण म्हणजे ‘फायरफ्लाय’ (२००२): तिचा ओळख करून देणारा आरंभीचा भाग मूळ प्रक्षेपणात सर्वांत शेवटी दाखवला गेला. स्ट्रीमिंगमुळे क्रमाची अडचण उरली नाही, तरी ‘ब्लॅक मिरर’सारखी (२०११ पासून) संग्रहमालिका टिकून आहे.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत स्थिती काहीशी उलटी आहे. विज्ञानकथा त्याने मुख्यतः मासिके व दिवाळी अंकांतील स्वतंत्र लघुकथेच्या रूपात वाचली. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथाही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून पुढे आली. याउलट दूरचित्रवाणीवर त्याला सलग कथासूत्राची सवय ‘रामायण’ (१९८७–८८) व ‘महाभारत’ (१९८८–९०) यांनी लावली. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या आख्याननाटकांत मोठी पौराणिक कथा प्रेक्षकाला ठाऊक आहे असे गृहीत धरून तिच्यातील एक प्रसंग एका खेळात पुरा केला जाई. परिचित विश्व आणि आटोपशीर कथानक यांची ही सांगड स्वयंपूर्ण भागाच्या जवळ जाते. मात्र एवढ्यावरून थेट वारसा सांगणे धाडसाचे ठरेल. दूरदर्शनवरील हिंदी ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) ही सांगली-मिरजेकडेही पाहिली गेलेली मालिका दोन्ही प्रकारांच्या मधली आहे: फरारी गुन्हेगार एकेक करून पकडले जातात आणि एकाची हकिकत काही भागांत संपते, तर पाठलागाचे सूत्र पुढे चालू राहते. रविवारचा एखादा भाग वीज गेल्याने बुडाला, तरी पुढच्या गुन्हेगारापासून मालिका पुन्हा धरता येई.