नाताळची सोडत, स्पेनमधील

स्पेनच्या राष्ट्रीय लॉटरीची दरवर्षी २२ डिसेंबरला माद्रिदमध्ये निघणारी सोडत. पहिल्या बक्षिसाला तिथे ‘एल गोर्दो’, म्हणजे ‘लठ्ठ्या’, म्हणतात. परदेशी वर्तमानपत्रे अख्ख्या सोडतीलाच हे नाव देतात, पण स्पॅनिश माणूस तसे म्हणत नाही. एका दिवसात वाटल्या जाणाऱ्या एकूण रकमेचा विचार केला, तर ही जगातली सर्वांत मोठी लॉटरी मानली जाते. एकट्या विजेत्याची कमाई पाहिली, तर मात्र अमेरिकेतल्या मोठ्या लॉटऱ्यांपुढे ती अगदीच किरकोळ ठरते. असे होण्याचे कारण तिकिटांच्या छपाईत आहे. एकच क्रमांक शेकडो, कधी हजारो माणसे मिळून खेळतात, आणि या सोडतीचे बाकीचे सगळे नखरे त्यातून आले आहेत.

इतिहास : कार्लोस तिसरा या राजाच्या कारकिर्दीत १७६३ मध्ये स्पेनमध्ये सरकारी लॉटरी आली, पण ती आकडे निवडून लावण्याच्या पद्धतीची होती. छापील क्रमांकाच्या तिकिटांची आजची पद्धत युद्धाच्या खर्चातून जन्मली. नेपोलियनच्या फौजांनी देशाचा बराच भाग व्यापला होता आणि स्पॅनिश संसद कादिस या बंदराच्या शहरात बसून कारभार हाकत होती. तिजोरीत खडखडाट होता. सिरियाको गोन्सालेस कार्वाहाल या मंत्र्याने १८११ मध्ये उपाय सुचवला, की करदात्यावर बोजा न टाकता महसूल वाढवायचा तर मेक्सिकोत १७७० पासून चालू असलेल्या लॉटरीसारखी लॉटरी काढावी. तशी पहिली सोडत ४ मार्च १८१२ रोजी कादिसमध्ये निघाली आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला नाताळच्या तोंडावरची पहिली. त्या दिवशीचा विजेता क्रमांक ०३६०४ होता. करदात्यावर बोजा नाही, ही भाषा तेव्हापासून जगातल्या प्रत्येक सरकारी लॉटरीच्या समर्थनात ऐकू येते. बोजा तिकीट घेणाऱ्यावर पडतो, एवढेच. ‘नाताळची सोडत’ हे नाव अधिकृतपणे १८९२ पासून वापरात आले. यादवी युद्धातही सोडत थांबली नाही. उलट १९३८ मध्ये दोन सोडती निघाल्या, एक प्रजासत्ताक सरकारची बार्सिलोनात आणि दुसरी बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूची बुर्गोसमध्ये.

तिकीट आणि मालिका : क्रमांक ००००० पासून ९९९९९ पर्यंत, म्हणजे एकूण एक लाख असतात. (२०११ पूर्वी ते ८५ हजार होते.) प्रत्येक क्रमांकाचे पूर्ण तिकीट २०० युरोंचे. ते दहा भागांत फाडता येते आणि यातला एक भाग, ‘देसिमो’, २० युरोंना मिळतो. दुकानात लोक मागतात तो देसिमोच. पूर्ण तिकीट घेणारा क्वचितच. आता खरी गोम अशी, की हेच एक लाख क्रमांक पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या मालिकांत छापले जातात. २०२४ मध्ये अशा १९३ मालिका होत्या. म्हणजे कुठल्याही एका क्रमांकाचे १,९३० देसिमो बाजारात आले. त्या वर्षीच्या छपाईची एकूण किंमत ३८६ कोटी युरो झाली आणि त्यातले ७० टक्के, म्हणजे २७० कोटी २० लाख युरो, बक्षिसांसाठी होते.

महाराष्ट्र राज्य लॉटरीचे बंपर तिकीट घेणाऱ्याला ‘मालिका’ हा शब्द ओळखीचा आहे, पण आपल्याकडे मालिकेचे अक्षर क्रमांकाचाच भाग असते. मालिका आणि क्रमांक दोन्ही जुळले, तर पहिले बक्षीस एका तिकिटाला लागते. स्पेनमध्ये मालिका कोणतीही असली तरी क्रमांक लागला की झाले. पहिले बक्षीस एका देसिमोला ४ लाख युरो; २०२४ मध्ये त्या क्रमांकाचे १,९३० देसिमो म्हणजे एकट्या ‘गोर्दो’चे ७७ कोटी २० लाख युरो.

विक्री : तिकिटे जुलैमध्येच दुकानांत येतात. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकिनारी गेलेला माणूस तिथल्या दुकानातून एखादा देसिमो उचलतो. बक्षीस नेमके या गावाला लागले आणि आपण रिकामे राहिलो तर, ही भीती त्यामागे असते. काही क्रमांक एखाद्या दुकानाकडे पूर्ण सोपवलेले असतात, त्यामुळे एकाच गावात एका क्रमांकाचे शेकडो देसिमो विकले जातात. बाकीचे क्रमांक विक्रेत्याच्या यंत्रावर जागच्या जागी छापून मिळतात. लोक वाढदिवस, लग्नाची तारीख, वर्षातली एखादी मोठी घटना शोधत येतात. २०२० मध्ये १४३२० या क्रमांकावर उड्या पडल्या, कारण १४ मार्च २०२० रोजी स्पेनमध्ये करोनामुळे आणीबाणी जाहीर झाली होती.

माद्रिदच्या मध्यवस्तीत ‘दोन्या मानोलिता’ नावाचे १९०४ साली सुरू झालेले लॉटरीचे दुकान आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच्यापुढची रांग गल्लीला वळसा घालून जाते आणि लोक त्यात तासन् तास उभे राहतात. हे दुकान भाग्याचे, अशी ख्याती आहे. बक्षिसे तिथे खरोखरच पुष्कळ लागतात, कारण तिकिटे तिथे पुष्कळ विकली जातात. रांगेतल्या माणसाला हे कळत नाही असे नाही, तरी तो उभा राहतो. रांग नको असलेल्यांना आसपासचे फिरते विक्रेते त्याच दुकानाचे देसिमो वरकड पैसे घेऊन विकतात.

वीस युरोही ज्यांना जास्त वाटतात त्यांच्यासाठी ‘पार्तिसिपासियोन’, म्हणजे वाट्याची पावती, असते. बार, फुटबॉल क्लब, शाळेचे पालक मंडळ, गावच्या जत्रेची समिती काही देसिमो विकत घेऊन जपून ठेवते आणि त्यांच्या जोरावर छोट्या पावत्या छापते. पाच युरोंची पावती असेल तर त्यातले चार युरो खेळात आणि एक युरो संस्थेच्या देणगीत, असा हिशेब बहुधा असतो. कचेरीत तर नकार देणे अवघड. सगळा विभाग ज्या क्रमांकावर खेळतोय तो आपण घेतला नाही आणि नेमका तोच लागला, तर दुसऱ्या दिवशी कामावर आपण एकटेच येणार, या धास्तीनेच निम्मी विक्री होत असावी.

अशा वाटणीने काय होते ते २०११ मध्ये वेस्का प्रांतातल्या सोदेतो या जेमतेम अडीचशे वस्तीच्या खेड्यात दिसले. तिथल्या गृहिणींच्या मंडळाने ५८२६८ या क्रमांकाच्या पावत्या घरोघरी जाऊन विकल्या होत्या. त्या वर्षीचा ‘गोर्दो’ हाच निघाला आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराला काही ना काही मिळाले. ज्या एका घरी पावती विकायची राहून गेली, तिथे राहणारा माणूस पुढे वर्तमानपत्रांत गावापेक्षा जास्त गाजला. २०२४ मध्ये ७२४८० हा क्रमांक लोग्रोन्यो शहरातल्या एका दुकानातून गेला होता, पण त्याचे बरेच देसिमो माद्रिदच्या एका बास्केटबॉल क्लबाने आपल्या माणसांत खपवलेले निघाले.

याची दुसरी बाजूही आहे. पावती हा सरकारी कागद नाही. संस्थेने हाती असलेल्या देसिमोंपेक्षा जास्त पावत्या विकल्या, तर बक्षीस लागल्यावरच ते उघडकीस येते. लागले नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. २०२५ च्या ‘गोर्दो’नंतर लेओन प्रांतातल्या विल्यामानीन गावात नेमके हेच झाले आणि आनंदाच्या काही दिवसांतच गावाला रक्कम कमी कशी करून घ्यायची यावर सभा घ्यावी लागली.

सोडत : २०१२ पासून सोडत माद्रिदच्या ‘तेआत्रो रेआल’ या संगीतिकागृहात निघते. रंगमंचावर धातूच्या जाळीचे दोन गोल पिंजरे असतात. मोठ्या पिंजऱ्यात एक लाख लाकडी गोळ्या, प्रत्येकीवर एक क्रमांक. छोट्यात १,८०७ गोळ्या, प्रत्येकीवर बक्षिसाची रक्कम. गोळी जेमतेम तीन ग्रॅमची असते आणि आकडा लेसरने कोरलेला असतो; रंगाच्या थरानेही वजनात फरक पडू नये म्हणून. आपल्या क्रमांकाची गोळी खरोखर तिथे आहे ना, हे सोडतीपूर्वी प्रेक्षक पाहून घेऊ शकतात. मग गोळ्या पिंजऱ्यांत ओततात. लाख गोळ्या खाली कोसळतानाचा तो खळखळाट दूरचित्रवाणीवरही ऐकण्यासारखा असतो.

सकाळी नऊच्या सुमारास पिंजरे फिरू लागतात. प्रत्येक वेळी दोन्हींतून एकेक गोळी घरंगळत बाहेर येते. एक मूल क्रमांक गाते, दुसरे लगेच रक्कम गाते, आणि दोन्ही गोळ्या तारेत ओवून ठेवल्या जातात, म्हणजे नंतर पडताळता येतात. ही मुले सान इल्देफोन्सो या माद्रिदमधल्या जुन्या शाळेची; पूर्वी ती अनाथ मुलांची शाळा होती. लॉटरीचे आकडे तिथल्या मुलाने पहिल्यांदा गायले ते १७७१ मध्ये, मुलींना मात्र १९८४ पर्यंत थांबावे लागले. चाल ठरलेली आहे आणि ती पेसेता या जुन्या स्पॅनिश चलनाच्या काळात बसवलेली. युरो आल्यावर शब्द आखूड झाला आणि तीच चाल नव्या शब्दावर ओढूनताणून बसवावी लागली. बहुतेक वेळा ‘हजार युरो’ एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येते. मोठे बक्षीस निघाले की मुलांचा आवाज चढतो, ती अधिकाऱ्यांच्या मेजापुढे जाऊन गोळ्या दाखवतात आणि क्रमांक व रक्कम अनेकदा गातात. चित्रविचित्र पोशाख करून आलेले प्रेक्षक तेवढ्यात आरडाओरडा करून घेतात.

रकमांचा पिंजरा रिकामा झाला की सोडत संपली. याला साधारण चार तास लागतात. ‘गोर्दो’ पहिल्या पाच मिनिटांत निघू शकतो किंवा शेवटच्या गोळीला. क्रमांकांच्या पिंजऱ्यात तेव्हा ९८,१९३ गोळ्या उरलेल्या असतात.

बक्षिसे : रकमा मालिकेमागे ठरतात, म्हणून देसिमोला त्यांचा दहावा भाग मिळतो. पहिले बक्षीस मालिकेमागे ४० लाख युरो, दुसरे साडेबारा लाख, तिसरे ५ लाख. चौथी दोन, प्रत्येकी २ लाखांची, आणि पाचवी आठ, ६० हजारांची. यांच्या मागोमाग हजार युरोंची १,७९४ बक्षिसे, ज्यांना ‘पेद्रेआ’ म्हणतात. मुले दिवसभर गातात ती हीच. पिंजऱ्यातून न काढता हिशेबाने ठरणारी बक्षिसेही आहेत : पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या अलीकडचा-पलीकडचा क्रमांक, पहिल्या चार दर्जांच्या क्रमांकांच्या शंभरीतले बाकीचे ९९, पहिल्या तिघांशी शेवटचे दोन आकडे जुळणारे. ‘गोर्दो’चा फक्त शेवटचा आकडा जुळला तर घातलेले वीस युरो परत मिळतात.

हे सगळे मिळून मालिकेमागे १५,३०४ बक्षिसे होतात आणि त्यांची बेरीज बरोबर १ कोटी ४० लाख युरो येते, म्हणजे मालिकेच्या २ कोटींच्या किमतीचे नेमके ७० टक्के. वीस युरोंच्या देसिमोमागे सरासरी चौदा युरो परत येतात, पण सरासरी फसवी आहे. दर शंभरातल्या पंचाऐंशीहून थोड्या कमी तिकिटांना काहीच मिळत नाही असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात एकाच क्रमांकाला दोन-तीन बक्षिसे लागू शकत असल्याने रिकामी तिकिटे त्याहूनही किंचित जास्त असतात. दहाव्या भागाला मुद्दल परत, आणि घातल्यापेक्षा जास्त मिळवणारे पाच टक्क्यांच्या आसपास. ‘गोर्दो’ची शक्यता लाखात एक आहे. ही सोडत काढणाऱ्या सरकारी संस्थेच्याच, ४९ आकड्यांतून सहा निवडायच्या दुसऱ्या खेळात ती सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक आहे, त्यामानाने ही सोडत उदारच म्हणायची. न खपलेल्या तिकिटाला बक्षीस लागले तर ते सरकारकडेच राहते.

२०१३ पर्यंत बक्षिसे करमुक्त होती. त्या वर्षीपासून २० टक्के कर लागू झाला. २०२० पासून पहिले ४० हजार युरो मोकळे आहेत. त्यामुळे ‘गोर्दो’च्या ४ लाखांतून ७२ हजार जातात आणि ३ लाख २८ हजार हाती पडतात. तेवढ्यात माद्रिदमध्ये बऱ्यापैकी घर घेता येईल, राजवाडा नव्हे. देसिमो धारकाचा असतो. ज्याच्या हातात तो मालक. म्हणून वाटून घेतलेल्या तिकिटाचा फोटो काढून सर्वांना पाठवण्याची पद्धत पडली आहे. पैसे घेताना बँकेत सर्व भागीदारांची नावे द्यावी लागतात, नाहीतर नंतर केलेली वाटणी करखात्याला देणगी वाटू शकते. मागणीची मुदत तीन महिने, त्यानंतर रक्कम सरकारजमा.

भारतात या सोडतीचे नाव बहुतेकांनी पहिल्यांदा वाचले ते ‘आपल्याला स्पॅनिश लॉटरी लागली आहे’ अशा ईमेलमध्ये. त्यात बक्षीस सोडवण्यासाठी आधी शुल्क मागितलेले असते. तिकीट हातात नसताना या सोडतीत काहीही लागू शकत नाही आणि बक्षीस देण्याआधी संस्था कुणाकडे पैसे मागत नाही. शिवाय लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशात पैसे पाठवण्यास परकीय चलनविषयक नियमांनी सन २००० पासून मनाई आहे.