धोत्रा, घाम आणि शरीराचा तोल

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. संवादाच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथात धोत्र्याची एक हकीकत येते. घरातली दासी मालकिणीला धोत्रा खाऊ घालते आणि दागिने घेऊन पसार होते. मालकीण मात्र काहीही विचारलं तरी नुसती हसत सुटते. हा अंमल दिवसभर टिकतो, असं ओर्ता सांगतो. महादेवाच्या पिंडीवर वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्याचे हे गुण इथल्या लोकांना आधीपासूनच माहीत असणार. ओर्ताने ते छापले, एवढंच.

हकीकतीत भर आहे तो हरपलेल्या भानावर. धोत्रा चढलेल्या माणसाच्या अंगात मात्र आणखी बरंच काही बिघडतं: तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, लघवी तुंबते आणि अंग तापूनही घामाचा थेंब फुटत नाही. हे सगळं एकाच वेळी का होतं, हे कळायला साडेतीनशे वर्षं जावी लागली.

१७७४ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र शंभर अंश सेल्सियसहून जास्त तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. सोबत नेलेला मांसाचा तुकडा शिजला, पण माणसं धडधाकट बाहेर आली. घाम उडून जाताना उष्णता घेऊन जातो. शिवाय त्या खोलीतली हवा कोरडी होती, म्हणून हे जमलं. मे महिन्यात पणजीत पारा ३४-३५ वरच असतो, तरी जीव नकोसा होतो, कारण दमट हवेत घाम नुसता ओघळतो, उडत नाही.

घामाचा हुकूम कोण देतं, हा पुढचा प्रश्न. १८५० च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बर्नारने सशाच्या मानेतली एक नस कापली, तर त्या बाजूचा कान गरम झाला. रक्तवाहिन्या आकसायच्या की सैलावायच्या, हेही नसांच्या हाती असतं तर! बाहेर काहीही चाललं तरी पेशींभोवतीचं द्रव स्थिर राहायला हवं, हा विचार बर्नारनेच मांडला. जॉन लँगलीने १८९८ मध्ये आपल्या इच्छेविना चालणाऱ्या नसांच्या या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हटलं, आणि १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅननने शरीराच्या तोल राखण्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. आपल्याकडे त्याला समस्थिती म्हणतात.

पण धोत्र्याचं कोडं सुटलं ते बेडकांमुळे. १९२१ मध्ये ऑटो लोवीने एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचं द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर ओतलं, तर त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे नस आपला निरोप रसायनातून देते. ते रसायन अॅसिटिलकोलीन निघालं. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

धोत्र्यातली अॅट्रोपीनसारखी द्रव्यं नेमका हाच निरोप पोहोचू देत नाहीत. ब्रेक निसटतो आणि हृदय सुसाट धावतं. घामाची गोष्ट जरा न्यारी. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा धावपळीच्या वेळी कामाला लागणाऱ्या अनुकंपी गटातल्या, पण त्या गटातल्या इतर बहुतेक नसांचा निरोप दुसऱ्या रसायनातून जात असला तरी यांचा जातो अॅसिटिलकोलीनमधूनच. त्यामुळे धोत्रा त्यांनाही मुकं करतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस घाम सोडण्याचा हुकूम देत राहतो, तो त्वचेला ऐकूच जात नाही आणि ताप चढत जातो.

हेच अॅट्रोपीन आज इस्पितळात औषध म्हणून हाताशी ठेवलेलं असतं. काही कीटकनाशकं पोटात गेली की अॅसिटिलकोलीन साचतं. लाळ गळते, घामाच्या धारा लागतात, छातीत पाणी साठतं, नाडी मंदावते. अशा वेळी डॉक्टर रुग्णाची छाती मोकळी होईपर्यंत अॅट्रोपीनचा डोस वाढवत नेतात.