सदोष सर्किट बोर्डाचं आपोआप स्क्रॅप होणं: हा नियम आला कुठून?

टेस्टला नापास झालेला बोर्ड रिपेअर टेबलावर जातो, दुरुस्त होऊन परत टेस्टला येतो, पुन्हा नापास होतो. ठरलेल्या फेऱ्या संपल्या की मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम, म्हणजे शॉप फ्लोअरवर सगळे ज्याला एमईएस म्हणतात ते सॉफ्टवेअर, त्याचा सीरियल नंबर बंद करतं. त्यानंतर कुठल्याही स्टेशनवर तो बोर्ड स्कॅन केला तरी सिस्टिम त्याला पुढे जाऊ देत नाही. सुपरवायझरची सही नाही, क्वालिटी विभागाचा शिक्का नाही. कधीकाळी हाच निकाल द्यायला चार-पाच जाणती माणसं एका टेबलाभोवती बसत. तो अधिकार सेटिंगमधल्या एका आकड्याकडे कसा गेला, हे त्या आकड्याच्या चौकटीत काहीतरी भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण तो आकडा सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेला नाही.

छापील सर्किटची सुरुवात साधारणपणे पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्यापासून धरतात. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्यानं छापील सर्किट वापरून रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी, म्हणजे लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणाऱ्या यंत्रणेसाठी, अमेरिकेनं छापील सर्किटचं तंत्र वापरलं आणि १९४८ मध्ये ते व्यापारी वापरासाठी खुलं केलं. सुरुवातीच्या बोर्डांवर घटक मोठे होते, वायरी भोकांतून आरपार जात, सोल्डरचा टाका डोळ्यांना दिसे. बिघडलेला रेझिस्टर काढून नवा लावणं हे हातात सोल्डरिंग आयर्न धरलेल्या कुठल्याही कसबी कामगाराचं काम होतं. बोर्ड टाकून देण्याचा विचार फार उशिरा येई.

शिस्त आली ती संरक्षण खात्याच्या कंत्राटांतून. १९५९ साली आलेल्या एमआयएल-क्यू-९८५८ या अमेरिकी लष्करी मानकानं पुरवठादारांना सांगितलं की सदोष माल ओळखता आला पाहिजे, चांगल्या मालापासून वेगळा ठेवला पाहिजे आणि त्याचं पुढे काय करायचं याची लेखी पद्धत पाहिजे. त्याच परंपरेत मटेरियल रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे एमआरबी, स्थिरावलं. डिझाइन, क्वालिटी, उत्पादन आणि अनेकदा ग्राहकाचा प्रतिनिधी एकत्र बसून ठरवत: आहे तसा वापरायचा, रीवर्क करायचा, दुरुस्त करायचा, पुरवठादाराला परत पाठवायचा, की स्क्रॅप. आजच्या कुठल्याही एमईएसमध्ये नॉन-कन्फॉर्मन्सच्या पडद्यावर जे पर्याय दिसतात, ते जवळजवळ हेच आहेत. टेबल गेलं, पर्याय राहिले.

मात्र आपोआप बाद करण्याची कल्पना एमआरबीच्या टेबलावर जन्मली नाही. ती आली पॅनलमधून, आणि हा भाग बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. छोटे बोर्ड एकेकटे बनवत नाहीत. एका मोठ्या पॅनलवर चार, आठ, कधी त्याहून जास्त बोर्ड जोडलेले असतात. कोरा पॅनल बनवणाऱ्याच्या टेस्टमध्ये त्यातला एखादाच खराब निघाला, तर पूर्ण पॅनल फेकणं परवडत नाही. म्हणून त्या एका बोर्डावर मार्करनं फुली मारतात. असेंब्ली लाइनवरच्या पिक-अँड-प्लेस मशीनला ठरलेल्या जागी खूण असलेला बोर्ड कॅमेऱ्यानं ओळखता येऊ लागला आणि मशीन त्या बोर्डावर एकही घटक न ठेवता पुढच्याकडे जाऊ लागलं. हे बॅड मार्क स्किप. सेमीकंडक्टरवाल्यांकडेही तसंच: वेफरवरच्या, म्हणजे एकत्र अनेक चिप घडवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या, खराब चिपवर शाईचा ठिपका पडे आणि पॅकेजिंगचं मशीन ती चिप उचलतच नसे. पुढे ठिपक्याची जागा वेफर मॅप नावाच्या फाइलनं घेतली. खूण वस्तूवरून उठून डेटात गेली. आपोआप स्क्रॅपचा खरा उगम मला इथे दिसतो.

बोर्डांच्या बाबतीत ही उडी घ्यायला प्रत्येक बोर्डाला स्वतःची ओळख लागत होती. कागदी ट्रॅव्हलर कार्ड लॉटबरोबर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या बोर्डांच्या गठ्ठ्याबरोबर, फिरे. पन्नासच्या लॉटमधून तीन बाद झाले की कार्डावर ४७ लिहायचं. कुठले तीन, हे शिफ्ट बदलली की कुणाला सांगता येत नसे. सुरुवातीची शॉप फ्लोअर सॉफ्टवेअरंही, जी बहुतांशी सेमीकंडक्टर कारखान्यांसाठी घडली, लॉट आणि त्यातली संख्या हेच धरून चालत. चित्र पालटलं ते बारकोडनं, आणि त्याहून जास्त डेटा मॅट्रिक्स या चौकोनी कोडनं. काही मिलिमीटरच्या जागेत लेझरनं कोरता येणारा हा कोड सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतून गेला तरी वाचता येतो. आता पॅनलवरच्या आठपैकी सहाव्या बोर्डाला जन्मापासून नाव मिळालं आणि त्याच्या नावावर इतिहास जमू लागला.

एमईएस हे नाव १९९० च्या सुमारास एएमआर रिसर्च या संस्थेनं रूढ केलं. १९९२ मध्ये मेसा ही विक्रेत्यांची संघटना उभी राहिली आणि १९९७ मध्ये तिनं एमईएसची अकरा कामं मांडली. गुणवत्ता व्यवस्थापन आणि उत्पादनाचा माग ही त्यातलीच. २००० मध्ये आलेल्या आयएसए-९५ मानकानं कारखान्यातली सिस्टिम आणि वरची ईआरपी, म्हणजे कंपनीचा साठा आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, यांच्यात काय देवाणघेवाण व्हावी याची चौकट आखली. यामुळे स्क्रॅपला हिशेबाचं अंग आलं. खाली बोर्ड बाद झाला की वर साठ्यातून तो वजा व्हायला हवा. सॅप या ईआरपीत स्टोअरवाल्यांना तोंडपाठ असलेला ५५१ हा मूव्हमेंट टाइप, म्हणजे साठ्यातल्या हालचालीचा कोड, त्यासाठीच. तेव्हापासून एका बटणात तीन गोष्टी बांधल्या गेल्या: बोर्डाचा प्रवास थांबवणं, त्याचा इतिहास गोठवणं आणि त्याचे पैसे बुडीत खाती टाकणं. बहुतेक गोंधळ या तिन्ही एकाच क्षणी घडवल्यामुळे होतात.

आता त्या आकड्याकडे येऊ. दोन फेऱ्या की तीन, हे कुठून ठरतं? उष्णतेतून. जुन्या शिसंयुक्त सोल्डरचा वितळणबिंदू १८३ अंश सेल्सिअस होता. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशासारख्या घातक पदार्थांवरचे रोह्स निर्बंध लागू झाले आणि जगभरचे कारखाने शिसंविरहित सोल्डरकडे वळले. त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं कथिल-चांदी-तांब्याचं मिश्रण २१७ ते २२० अंशांना वितळतं, म्हणजे भट्टीचं शिखर त्याच्याही वर न्यावं लागतं. घटकांची ओलावा-संवेदनशीलता तपासणारं जे-एसटीडी-०२० हे मानक घटकाला तीन रिफ्लोमधून, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीच्या तीन खेपांमधून, काढून बघतं. दोन्ही बाजूंना घटक असलेल्या बोर्डानं त्यातले दोन रिफ्लो तर लाइनवरच खर्च केलेले असतात. मग बीजीए, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप, बदलायची वेळ आली की जुनी काढताना एकदा आणि नवी बसवताना एकदा, असा त्या जागेला पुन्हा दोनदा ताप. शेजारचे घटकही त्या झळेत येतात. तांब्याचे पॅड सुटतात, टाक्यातला ठिसूळ थर जाड होतो, आरपार भोकांच्या कडांचं तांबं वितळलेल्या सोल्डरमध्ये विरघळतं. असा बोर्ड टेस्ट पास होईलही. तो मान टाकेल सहा महिन्यांनी, गाडीच्या बॉनेटखाली.

म्हणून फेऱ्यांची मर्यादा ही मुळात प्रोसेस इंजिनिअरची गोष्ट आहे. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मानक संस्थेनं रीवर्क आणि दुरुस्तीच्या पद्धती ७७११/७७२१ या मानकात घालून दिल्या. पण एका जागेवर किती वेळा काम करायचं याचा हिशेब रजिस्टरमध्ये, म्हणजे माणसाच्या भरवशावर राहिला. रात्रपाळीला माल कमी पडत असताना चौथ्यांदा आयर्न लावण्याचा मोह कुणालाही होतो. एमईएसनं इथे खरी मदत केली: सीरियल नंबरनिहाय, शक्य असेल तिथे घटकाच्या जागेनिहाय फेऱ्या मोजल्या आणि मर्यादा आली की दार लावलं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मशीननं नापास म्हटलं म्हणजे बोर्ड सदोष, असं नसतं. कॅमेऱ्यानं तपासणारी एओआय मशीनं टाक्यावरच्या चकाकीलाही दोष समजतात. म्हणून त्यांच्या मागे पडद्यावर चित्र बघून खरं-खोटं ठरवणारा माणूस बसवलेला असतो. इन-सर्किट टेस्टमध्ये खिळ्यांच्या फिक्स्चरची एखादी पिन झिजली किंवा टेस्ट पॅडवर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला मदत करणाऱ्या रसायनाचा, पापुद्रा राहिला, तर निरोगी रेझिस्टरही ओपन, म्हणजे जोडणी तुटलेला, दाखवतो. समजा एका बोर्डाची नोंद अशी आहे: आर-२७ ओपन, रीटेस्टला पुन्हा ओपन, रिपेअरला दोष सापडला नाही, परत टेस्टला ओपन. मर्यादा तीन असेल तर सिस्टिम बोर्ड बाद करेल. पण त्याच तासात आणखी चार बोर्ड आर-२७ वरच अडकले असतील, तर आजारी फिक्स्चर आहे, बोर्ड नव्हेत. एका बोर्डाकडे बघणारा नियम हे बघू शकत नाही. म्हणून माझं ठाम मत असं की आपोआप व्हावं ते लॉक, हिशेबातून वजा करणं नव्हे. मर्यादा संपली की बोर्ड थांबावा. निकाल विश्लेषकानं कारण नोंदवून द्यावा. अपवाद अशा दोषांचा, जिथे वादाला जागाच नाही: आतल्या थरात शॉर्ट, जळालेलं लॅमिनेट, तडा गेलेला बोर्ड.

सॉफ्टवेअरमधला स्क्रॅप आणि रॅकवरचा बोर्ड यांचा मेळ हा जुना दुखरा मुद्दा आहे. लाइनवरच्या मशीनना जोडणाऱ्या जुन्या स्मेमा सिग्नलमध्ये खराब बोर्डासाठी वेगळा सिग्नल होता, पण कुठला बोर्ड हे त्यातून कळत नसे. २०१७ मध्ये आलेल्या हर्मीस मानकात बोर्डाची ओळख आणि तो नापास असल्याची खूण एकाच निरोपात पुढच्या मशीनला जाते, त्यामुळे कन्व्हेयर त्याला बाजूला काढू शकतो. लाइनबाहेर मात्र अजून माणूस आणि कुलूपबंद लाल पेटी यांवरच मदार आहे.

पेटीतून पुढे काय, याला वाहनउद्योगानं कडक उत्तर दिलं. आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार स्क्रॅप माल विल्हेवाटीआधी निरुपयोगी केल्याची खात्री करावी लागते. चाकण-पिंपरी पट्ट्यात गाड्यांसाठी बोर्ड बनवणाऱ्यांना हे कलम ऑडिटमध्ये विचारलं जातंच. त्यामागचं भय खोटं नाही. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीनं २०१२ च्या अहवालात लष्करी पुरवठा साखळीतली संशयित बनावट सुट्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणं मांडली; एकूण भाग दहा लाखांवर होते. त्यातले बरेच फेकलेल्या बोर्डांवरून उपटून, घासून, नव्या छपाईनं बाजारात आले होते.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादनात तयार होणारा इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करून त्याचं रीसायकलिंग किंवा विल्हेवाट होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्यामुळे एमईएसमधल्या स्क्रॅपच्या नोंदी, पेटीतल्या बोर्डांची मोजणी आणि रीसायकलरला दिलेल्या मालाची पावती एकमेकांशी ताडून बघण्याला नवं महत्त्व आलं आहे. बोर्ड पेटीत टाकताना शेवटचा स्कॅन करायचा, आणि हा स्कॅन झाल्याशिवाय ईआरपीत तो वजा होऊ द्यायचा नाही, ही पद्धत काही कारखान्यांनी त्यासाठीच लावली आहे.