बुरशीचं नाव बदललं म्हणजे रोग नवा आला असं नाही

बुरशीचं नाव बदललं की लगेच 'नवीन रोग आलाय' असं फिरायला लागतं, तसं काही नसतं हो. पूर्वी एकाच बुरशीला दोन नावं चालायची, लैंगिक अवस्थेत सापडली की एक आणि अलैंगिक अवस्थेत दुसरं, म्हणून गव्हाच्या ओंब्या खराब करणारी फ्युजारियम ग्रॅमिनिअरम आणि जिबरेला झीई दोन वेगळ्या वाटायच्या, पण बुरशी एकच! डीएनएमुळे जोड्या जुळायला लागल्या आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ठरलं, एक बुरशी एक नाव. उलटंही झालंय बरं का, एकाच नावाखाली दोन बुरश्या निघाल्या, भाताचा करपा मॅग्नापोर्थे ग्रिसियामुळे होतो असं धरायचे, २००२ मध्ये जनुकं तपासून भातावरच्या बुरशीची प्रजाती वेगळी काढली, मॅग्नापोर्थे ओरायझी, आणि गंमत म्हणजे मायक्रोस्कोपखाली दोन्ही सेमच दिसतात.